भाषण-व्हिडिओंद्वारे इंग्रजी अध्यापन

भाषण-व्हिडिओंद्वारे इंग्रजी अध्यापन : इंग्रजी ही दुसरी किंवा परकी भाषा म्हणून शिकणाऱ्यांना छोटी प्रेरक भाषणे दाखवून श्रवण, उच्चार, शब्दसंग्रह आणि बोलणे शिकवण्याची पद्धत. अशी भाषणे साधारणपणे ३ ते १८ मिनिटांची असतात. वक्ता एकच असतो आणि सगळे बोलणे एकाच मुद्द्याभोवती फिरते.

टेड या संस्थेच्या भाषणांमुळे ही पद्धत जगभर पसरली. तंत्रज्ञान, मनोरंजन आणि डिझाइन या तीन विषयांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तिचे नाव पडले. रिचर्ड सॉल वुर्मन आणि हॅरी मार्क्स यांनी १९८४ मध्ये कॅलिफोर्नियातील माँटेरे येथे पहिली परिषद भरवली. २००६ मध्ये भाषणे इंटरनेटवर मोफत आली, २००९ मध्ये स्वयंसेवकांकरवी सबटायटल्सचे भाषांतर सुरू झाले आणि २०१२ मध्ये टेड-एड हा शैक्षणिक विभाग निघाला. भाषेच्या शिक्षकाला मात्र सर्वांत मोलाची गोष्ट मिळाली ती भाषणासोबतची ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे भाषणाची शब्दशः लिखित प्रत. तिच्यातल्या एखाद्या वाक्यावर क्लिक केले की व्हिडिओ नेमका तिथून सुरू होतो.

भाषण प्रेरक असण्याचा भाषा शिकण्याशी काय संबंध, असा प्रश्न पडू शकतो. ऐकण्याची सवय एकदा ऐकून लागत नाही. तोच तुकडा चार-पाच वेळा ऐकावा लागतो. पाठ्यपुस्तकासाठी मुद्दाम रचलेला संवाद दुसऱ्यांदा लावला की वर्ग कंटाळतो. पण समोरचा माणूस आपल्या अपयशाबद्दल किंवा शोधाबद्दल मनापासून बोलत असेल, तर सुटलेले वाक्य पकडण्यासाठी विद्यार्थी स्वतःहून व्हिडिओ मागे नेतो. प्रेरणेचा या पद्धतीतला खरा उपयोग हाच. वक्त्याचा संदेश विद्यार्थ्याने स्वीकारला की नाही, हे इथे दुय्यम आहे.

भाषण निवडताना बहुतेक चूक होते ती लांबीत. मिनिटाला सुमारे १५० शब्दांचा वेग धरला, तर १८ मिनिटांच्या भाषणात २,७०० शब्द होतात. एका तासिकेत ते एकदाच दाखवून होते आणि शिकवायचे राहून जाते. ३ मिनिटांच्या भाषणात जेमतेम ४५० शब्द असतात. ते पूर्ण ऐकता येते, उलगडता येते आणि पुन्हा ऐकता येते. शिवाय वक्ता दिलखुलास बोलतो म्हणून भाषा सोपी असेलच असे नाही. टेडच्या भाषणांतील ९५ टक्के शब्द ओळखीचे असायचे तर सुमारे ४,००० शब्दकुले आणि ९८ टक्क्यांसाठी सुमारे ८,००० शब्दकुले यावी लागतात, असे शब्दसंग्रहाच्या अभ्यासांत दिसले आहे. एक मूळ शब्द आणि त्यापासून झालेली रूपे मिळून एक शब्दकुल होते. नवशिक्यांना म्हणूनच ही भाषणे झेपत नाहीत. मध्यम पातळी गाठलेल्यांना ती उपयोगी पडतात, आणि त्यांनाही ऐकण्याआधी पाच-सहा कळीचे शब्द सांगावे लागतात. त्याहून जास्त शब्द सांगितले, तर ऐकण्याआधीच गोष्ट फुटते.

ज्या भाषांत लिहिलेले बहुतांशी तसेच उच्चारले जाते, त्या भाषांतून आलेल्यांची अडचण शब्दांपेक्षा कानाची असते. ‘व्हॉट आर यू गोइंग टू डू अबाउट इट’ हे आठही शब्द त्यांना कागदावर येतात. वक्त्याच्या तोंडून मात्र ‘व्हाड्या गॉना डू अबाउडिट’ असे काहीतरी येते. ‘आर’ नाहीसा झालेला असतो, ‘गोइंग टू’चे ‘गॉना’ झालेले असते, ‘अबाउट’ आणि ‘इट’ एकमेकांना चिकटलेले असतात आणि जोर तेवढा ‘डू’वर पडतो. हे नियम म्हणून फळ्यावर लिहून दिले तर पाठ होतात, पण ऐकू येत नाहीत. चार सेकंदांचा हा तुकडा आधी ऐकून जसा वाटला तसा लिहून काढायचा, मग ट्रान्सक्रिप्टशी ताडून पाहायचा आणि शेवटी कागद बाजूला ठेवून पुन्हा ऐकायचा. तिसऱ्या वेळी तेच वाक्य स्वच्छ कानावर पडते आणि विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावर ते दिसते.

सबटायटल्सचा क्रम यासाठीच महत्त्वाचा. पहिल्यांदा त्यांच्याशिवाय, मग इंग्रजी सबटायटल्ससह, आणि मातृभाषेतली सबटायटल्स अगदी शेवटी, तीही भाषांतर कितपत जमले आहे हे तपासण्यासाठी. मातृभाषेतली ओळ सुरुवातीपासून पडद्यावर असेल तर डोळे ती वाचतात आणि कान स्वस्थ बसतात.

तेव्हा गूगलमध्ये अभियंता असलेल्या मॅट कट्स यांचे २०११ मधील भाषण या कामासाठी फार सोयीचे आहे. ते जेमतेम साडेतीन मिनिटांचे आहे. एखादी नवी गोष्ट ३० दिवस करून पाहा, एवढेच त्यांचे म्हणणे. सायकलने कामावर जाणे, साखर सोडणे, महिन्याभरात ५०,००० शब्दांची कादंबरी लिहिणे असे स्वतःचे प्रयोग ते सांगतात, त्यामुळे साधा भूतकाळ आपोआप कानावर पडत राहतो. कादंबरीसाठी रोज किती शब्द लिहावे लागले, हा आकडा पकडायला लावणे हे पहिल्या श्रवणासाठी उत्तम काम : तो १,६६७ आहे, आणि इंग्रजीतली मोठी संख्या चालत्या बोलण्यात पकडणे भल्याभल्यांना जड जाते. पुढे विद्यार्थी स्वतःच्या ३० दिवसांविषयी मिनिटभर बोलतात.

बोलण्याच्या सरावासाठी शॅडोइंग वापरतात. वक्ता बोलत असतानाच त्याच्या मागोमाग, अर्ध्या-एक सेकंदाच्या अंतराने, तेच शब्द उच्चारायचे. हे तंत्र दुभाष्यांच्या प्रशिक्षणातून आले. शॅडोइंग करण्याआधी ट्रान्सक्रिप्टवर वक्ता जिथे श्वास घेतो तिथे तिरकी रेघ आणि जोर देतो त्या शब्दाखाली आडवी रेघ मारून घेतली, तर नक्कल केवळ उच्चारांची न राहता लयीचीही होते. इंग्रजी बोलणे ‘सपाट’ वाटण्याचे कारण बहुधा लयीतच सापडते.

आशयाबाबत शिक्षकाने सावध राहावे. सामाजिक मानसशास्त्रज्ञ एमी कडी यांचे देहबोलीवरील २०१२ मधील भाषण कोट्यवधी लोकांनी पाहिले. ठाशीव पवित्र्यात उभे राहिल्याने शरीरातील हार्मोन्सची पातळी बदलते, हा त्यातील दावा मात्र नंतरच्या मोठ्या प्रयोगात टिकला नाही, आणि मूळ संशोधनातील सहलेखिका डॅना कार्नी यांनी २०१६ मध्ये आपला त्या परिणामावर विश्वास राहिलेला नाही असे जाहीर केले. म्हणून असे भाषण टाळायला हवे असे नाही. उलट वक्ता ठाम बोलतो तिथे ‘मे’, ‘सजेस्ट’, ‘इन सम केसेस’ असे शब्द घालून वाक्ये पुन्हा लिहायला सांगितली, तर शंका आणि मर्यादा व्यक्त करणारी इंग्रजी शिकवता येते. ही इंग्रजी प्रेरक भाषणांत फारशी सापडत नाही.

मर्यादाही स्पष्ट आहेत. हे पाठ करून, तालीम करून केलेले एकतर्फी बोलणे आहे. अडखळणे, मध्येच तोडणे, ‘काय म्हणालात?’ असे विचारणे, दुसऱ्याच्या बोलण्यात आपला मुद्दा सरकवणे यातले काहीच त्यात नसते. ते प्रत्यक्ष संवादातूनच शिकावे लागते. जगभरचे वक्ते असूनही वर्गात पुन्हापुन्हा निवडली जाणारी भाषणे बहुधा अमेरिकी उच्चारांची असतात, तेव्हा इतर वळणांचे वक्ते मुद्दाम शोधावे लागतात. टेडची भाषणे ज्या अटींवर इतरांना वापरता येतात तो क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना व्यावसायिक वापराला आणि फेरफाराला मुभा देत नाही. वर्गात व्हिडिओ थांबवत थांबवत दाखवणे वेगळे, त्याचे तुकडे जोडून नवा व्हिडिओ प्रसिद्ध करणे वेगळे.