कातळातील भूजल आणि जमिनीची सूक्ष्म हालचाल (बेळगाव सीमाभाग)

खडकाच्या चिरांतील पाण्याचा दाब चढला-उतरला की वरची जमीन किंचित फुगते, बसते किंवा कलते. ही हालचाल बहुधा मिलिमीटरभर किंवा त्याहूनही कमी असते.

निपाणी-चिकोडीकडे दख्खनचा बेसाल्ट, गोकाककडे कलादगी गटाचे वालुकाश्म व क्वार्ट्झाइट, खानापूरच्या बाजूला धारवाडी सुभाजा (शिस्ट, म्हणजे पापुद्र्यापापुद्र्यांचा खडक): सीमाभागाचा बराचसा पाया असा कठीण खडकाचा आहे. त्याच्या अंगात पाण्याला जागा थोडी. पाणी राहते मुरमात, सांध्यांत (खडकातल्या नैसर्गिक भेगांत) आणि लाव्हाच्या दोन थरांमधल्या फटीत. विहीर खोदताना ‘झरा लागला’ म्हणतात, तो बहुधा अशाच चिरेचा. साठवण कमी म्हणून पातळी झपाट्याने हलते. मृगाआधी तळ गाठलेली विहीर श्रावणात हाताला लागते.

पातळी १० मीटर चढली की चिरेतला दाब दर चौरस सेंटीमीटरला सुमारे १ किलोने वाढतो. चिरेच्या दोन्ही भिंती वरच्या भाराने एकमेकींवर दाबलेल्या असतात. पाणी त्या भाराचा काही वाटा उचलते आणि चीर केसभर उघडते. आडव्या फटी उघडल्या तर जमीन वर उचलली जाते, उभे सांधे उघडले तर बाजूला सरकते वा कलते. उन्हाळ्यात उपशामुळे उलट घडते. शिवाय पावसाच्या पाण्याचे आणि धरणातील साठ्याचे वजन पृथ्वीच्या कवचाला खाली दाबते, म्हणून एकाच पावसाळ्यात दोन विरुद्ध ओढी एकत्र चालतात. त्या वेगळ्या काढणे हेच या अभ्यासातले खरे कठीण काम.

हालचाल नेहमीच नगण्य नसते. स्वित्झर्लंडमध्ये १९७८ साली एका चाचणी बोगद्याने चिरांतले पाणी ओढून घेतले आणि सुमारे दीड किलोमीटरवरील झ्योझिये धरण १० सेंटीमीटरहून अधिक खचले.

बेळगाव परिसरात घरांच्या भिंतींना जाणाऱ्या तड्यांचा दोष मात्र सरसकट कातळातल्या पाण्याला देऊ नये. काळी माती पाण्याने फुगते, उन्हात आकसते. ती हालचाल कितीतरी मोठी असते. त्यामुळे कलमापक (जमिनीचा कल मोजणारे यंत्र) किंवा जीपीएसचा खांब मातीत नव्हे, थेट कातळात रोवावा लागतो. रडार उपग्रहाने मोजतानाही उसाच्या फडापेक्षा गोकाकचा उघडा खडक अधिक भरवशाचा, कारण वाढत्या पिकावरून परतणारा संकेत दर फेरीला बदलतो.