बोरिलीकरण (कार्बन-हायड्रोजन बंधांचे)

सेंद्रिय रेणूतला एखादा हायड्रोजन काढून त्या जागी बोरॉन बसवणारी रासायनिक क्रिया. हे काम धातूला जोडलेला बोरॉन करतो; अशा संयुगांना धातू-बोरिल संयुगे म्हणतात.

मेणबत्तीतले पॅराफिन आम्ल-अल्कलींना दाद देत नाही. ते अल्केनांचे, म्हणजे फक्त एकेरी बंधांनी जुळलेल्या कार्बन-हायड्रोजनच्या रेणूंचे, मिश्रण. त्याच्या लॅटिन नावाचा अर्थच ‘ओढ कमी’. सर्वांत लहान अल्केन म्हणजे मिथेन; त्याचा एक कार्बन-हायड्रोजन बंध तोडायला मोलमागे सुमारे ४३९ किलोज्यूल लागतात. पेटवले की बंध तुटतात, पण सगळेच. रसायनज्ञाला हवा असतो नेमका एक.

इथे बोरॉनचे अपुरेपण कामी येते. तीन बंध करूनही त्याच्यापाशी इलेक्ट्रॉनांच्या एका जोडीची जागा रिकामी राहते. या रिकाम्या जागेची करामत हळदीच्या सांगलीकरांच्या रोजच्या पाहण्यातली आहे: हळद, लिंबूरस आणि टाकणखार यांपासून केलेल्या पारंपरिक कुंकवाची लाली म्हणजे हळदीतल्या कर्क्युमिन या पिवळ्या रंगद्रव्याने टाकणखारातल्या (बोरॅक्समधल्या) बोरॉनला धरणे. (चुन्यानेही हळद लाल होते, पण लिंबू पिळले की पुन्हा पिवळी, बोरॉनची लाली टिकते.) धातू-बोरिल संयुगात धातू कार्बनला धरतो, सुटणारा हायड्रोजन शेजारच्या बोरॉनच्या रिकाम्या जागेचा आधार घेतो आणि शेवटी कार्बन-बोरॉन बंध जुळतो. अल्केनच्या साखळीत हे बहुधा टोकाच्या कार्बनवर घडते, कारण तिथे गर्दी कमी. टोकाचा बंध मधल्यांपेक्षा बळकट असूनही तोच निवडला जातो, ही या क्रियेची खरी गंमत.

अमेरिकी रसायनज्ञ जॉन हार्टविग यांच्या गटाने १९९५ मध्ये लोहाची बोरिल संयुगे प्रकाशात ठेवून बेंझिनसारख्या रेणूंवर आणि १९९७ मध्ये टंगस्टनची संयुगे वापरून अल्केनांवर ही क्रिया घडवली. तेव्हा धातूचे संयुग क्रियेतच खर्ची पडे. २००० मध्ये ऱ्होडियमचा उत्प्रेरक १५० अंश सेल्सिअसला चालला. २००२ मध्ये इशियामा, मियाउरा व हार्टविग यांच्या इरिडियम उत्प्रेरकाने अॅरोमॅटिक (बेंझिनसारखे कडे असलेल्या) रेणूंचे बोरिलीकरण खोलीच्या तापमानाला आणले. मिथेन २०१६ मध्ये वश झाला. मात्र इरिडियम, ऱ्होडियम अतिशय महाग.

बोरॉन हा पाहुणाच. हायड्रोजन पेरॉक्साइड व अल्कलीने त्याच्या जागी हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजन) गट येतो; सुझुकी जोडणीने नवा कार्बन जोडता येतो.

बोरॉन बसला का, हे पाहायला पातळ थराची वर्णलेखन पट्टी (मिश्रणातली द्रव्ये ठिपक्यांच्या रूपाने वेगळी करणारी) कर्क्युमिनच्या द्रावणात बुडवून वाळवतात. पिवळ्या पट्टीवर बोरॉन असेल तिथे तांबडा ठिपका उठतो.