मुंबई ते न्यूयॉर्क : अंतर किती, तास किती?
(मुलांकडे निघालेल्या आई-बाबांसाठी)

तिकीट हातात पडलं की आमच्या पुण्याच्या ऑफिसात पहिला फोन ठरलेला : "अहो, रात्री दीडला निघून सकाळी साडेसातला न्यूयॉर्क? सहा तासांत अमेरिका?"

नाही. तिकिटावरची वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते. न्यूयॉर्कचं घड्याळ हिवाळ्यात आपल्या साडेदहा तास मागे, उन्हाळ्यात साडेनऊ तास. (तिथे मार्चच्या दुसऱ्या रविवारी काटे पुढे सरकवतात, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे.) म्हणजे मे महिन्यातल्या त्या 'सहा तासां'त साडेनऊ मिळवा. प्रवास साडेपंधरा तासांचा. परतताना उलटं. दुपारी बाराला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला मुंबई, हे दिसायला चोवीस तास. त्यातून साडेनऊ वजा केले की उरतात साडेचौदा.

अंतर दोन्ही वेळा तेच, साधारण १२,५०० किलोमीटर. मग येताना तास कमी का? उंचावर, साधारण दहा-बारा किलोमीटरवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. जाताना तो विमानाच्या तोंडावर येतो, येताना पाठीशी असतो. विमान ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास उडतं, त्यात वाऱ्याचे शंभर-दीडशे इकडचे तिकडे झाले की तास-दीड तासाचा फरक सहज पडतो.

विमानातल्या पडद्यावर नकाशा बघून पुष्कळांना वाटतं, पायलट उत्तरेला का भरकटला? घरात पृथ्वीचा गोल असेल तर मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत दोरा ताणून बघा. तो चक्क आइसलँडवरून जातो! सगळ्यात जवळची वाट तीच. प्रत्यक्षात मात्र वारा आणि कुठलं आकाश खुलं आहे यावर रोजची वाट ठरते. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हा आपल्या कंपन्यांना वळसा घ्यावा लागला आणि वेळ वाढली.

दुबईमार्गे गेलं तर? मुंबई-दुबई तीन तास, पुढे न्यूयॉर्क चौदा. किलोमीटर फारसे वाढत नाहीत, वाढतो तो मधला थांबा. तिकीट बहुतेक वेळा स्वस्त पडतं, पण गुडघे दुखत असतील तर आम्ही थेट विमानच सुचवतो. दुबईच्या विमानतळावर चालायला पुष्कळ लागतं. मार्ग कुठलाही असो, व्हीलचेअर हवी असेल तर तिकीट काढतानाच सांगा, संकोच नको.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तिकिटावर '१५ तारीख, ०१:३०' असेल, तर घरातून निघायचं १४ तारखेला. दरवर्षी कुणीतरी १५ च्या संध्याकाळी बॅगा बांधून तयार बसतं आणि विमान तोवर गेलेलं असतं. विमानतळावर तीन तास आधी, म्हणजे १४ च्या रात्री साडेदहाला पोचायचं. त्यासाठी पुण्याहून संध्याकाळी पाचच्या आत गाडी सुटलेली बरी. घाटातल्या गर्दीचा भरवसा नाही.

रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या मोठ्या बॅगेत टाकू नका, जवळच्या पर्समध्ये ठेवा. त्या कुठल्या घड्याळाप्रमाणे घ्यायच्या, हे निघण्याआधी डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. आणि मुलांना कळवताना तिकडची तारीख, तिकडची वेळ कळवा.