उकळायचं की नाही?

वैदूला ‘हे झाड कशावर?’ असं विचारलं, की तो दुखण्याचं नाव सांगतो. विचारणाऱ्याच्या वहीत झाड आणि दुखणं अशी जोडी उतरते आणि वही मिटते. खरी मेख मात्र पुढच्या प्रश्नात असते: मूळ की पान, ओलं की वाळलेलं, उकळून की तसंच?

चीनच्या शास्त्रज्ञ तू योयो यांना हे ऐन संशोधनात उमगलं. हिवतापावर छिंगहाव ही वनस्पती चालते असं जुन्या पोथ्यांत होतं. पण तिचा अर्क कधी लागू पडे, कधी अजिबात नाही. मग चौथ्या शतकातल्या क होंग यांच्या ग्रंथातली एक ओळ त्यांना खटकली. मूठभर छिंगहाव पाण्यात भिजवा, पिळा, रस पिऊन टाका. चुलीचा उल्लेखच नाही! उष्णतेनं औषध मरत असेल का? त्यांनी जेमतेम ३५ अंशांना उकळणारा ईथर वापरला आणि १९७१च्या ऑक्टोबरमध्ये उंदरांच्या रक्तातले हिवतापाचे परजीवी साफ झाले. छिंगहावमधलं हे औषधी द्रव्य म्हणजे आर्टेमिसिनिन. त्याच्या रेणूत ऑक्सिजनच्या दोन अणूंचा एक नाजूक पूल असतो. परजीवीच्या पोटात लोहाशी गाठ पडली की तो तुटतो आणि परजीवीला मारतो. २०१५मध्ये तू योयो यांना नोबेल मिळालं.

बचनागाचं नेमकं उलटं. त्यातलं अ‍ॅकोनिटीन हृदयाच्या आणि नसांच्या पेशींमधली सोडियमची दारं उघडीच ठेवतं; ठोके बिघडून माणूस दगावतो. म्हणून हे मूळ शुद्ध केल्याशिवाय वापरत नाहीत. आपल्याकडे ते गोमूत्रात भिजवतात किंवा दुधात शिजवतात, तर चीनमध्ये तासन्‌तास उकळतात. जिभेला मुंग्या येणं जवळपास थांबलं की झालं, ही तिथली जुनी पारख. (घरी करून बघायचा प्रयोग नव्हे.) रसायनशास्त्र सांगतं, की उकळताना पाणी त्या रेणूचे तुकडे पाडतं आणि उरतं ते कितीतरी कमी विषारी असतं. रेणू ठाऊक नव्हता, पण मुंग्या ठाऊक होत्या.

वैदूची बाजू लंगडी पडते ती मात्रेत. इंग्लंडमध्ये डॉक्टर विल्यम विदरिंग यांच्यापर्यंत १७७५मध्ये सर्वांगाला येणाऱ्या सुजेवरचा एका म्हातारीचा घरगुती नुसखा पोचला. त्यात वीसेक वनस्पती होत्या. त्यातली कामाची एकच, फॉक्सग्लव्ह, हे त्यांनी ओळखलं; पण तिची गुण देणारी मात्रा आणि जीव घेणारी मात्रा अगदी शेजारी-शेजारी. शिवाय पानांचा जोर ऋतूनुसार बदलतो. म्हणून झाड फुलावर असतानाच पानं खुडायची, वाळवून भुकटी करायची आणि ती तोलून द्यायची, असा शिरस्ता त्यांनी घातला. १७८५मध्ये त्यांनी आपले रुग्ण, फसलेल्या उपचारांसकट, छापून टाकले. हे मला त्या शोधाहूनही मोठं वाटतं.

छिंगहावचा चहा आजही काही जण हिवतापावर पितात. जागतिक आरोग्य संघटना त्याची शिफारस करत नाही. एका कपात आर्टेमिसिनिन किती उतरलं याचा भरवसा नसतो, आणि मात्रा अपुरी पडली तर काही परजीवी जगतात, ताप पुन्हा उलटतो.