प्रोस्टाग्लँडिनजन्य परिनेत्र विकार

काचबिंदूत डोळ्यातील दाब उतरवण्यासाठी घातल्या जाणाऱ्या प्रोस्टाग्लँडिन गटाच्या थेंबांमुळे पापण्या व डोळ्यांच्या खोबणीत होणारे बदल. वरच्या पापणीवरची घळ खोल होते, पापणी किंचित उतरते, डोळा आत गेल्यासारखा दिसतो, पापणीचे केस लांब व दाट होतात आणि त्वचा काळवंडते. थेंब एकाच डोळ्यात घातले जात असतील, तर फरक चटकन लक्षात येतो.

प्रोस्टाग्लँडिनने सशांच्या डोळ्यांतील दाब उतरतो, हे कॅमरस, बितो व ईकिन्स या संशोधकांनी 1977 मध्ये दाखवले. या गटातील लॅटानोप्रोस्ट 1996 मध्ये, तर बायमॅटोप्रोस्ट व ट्रॅव्होप्रोस्ट 2001 मध्ये अमेरिकेत मान्य झाले. खोल घळीची पहिली नोंद साधारणपणे 2004 ची मानली जाते. ती बायमॅटोप्रोस्टसंबंधी होती. मात्र वयाबरोबरही पापण्या उतरत असल्याने त्याआधीचे रुग्ण नजरेतून सुटले असणे शक्य आहे.

कारणाबाबत मतभेद आहेत. काहींनी पापणी उचलणाऱ्या स्नायूंतील बदलांना दोष दिला. दुसऱ्या मतानुसार औषध पेशींवरील एफपी ग्राहींना (प्रोस्टाग्लँडिनला प्रतिसाद देणाऱ्या रेणूंना) चेतवते, त्यामुळे नव्या मेदपेशी तयार होण्यास अटकाव होतो व खोबणीतील चरबी झडते. एकाच डोळ्यावर उपचार झालेल्यांच्या दोन्ही पापण्यांतील चरबी सूक्ष्मदर्शकाखाली ताडून पाहता औषधाच्या बाजूच्या मेदपेशी आक्रसून दाटीने वसलेल्या आढळल्या. त्यामुळे हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. पापणी उतरण्याचा उलगडा मात्र केवळ चरबीने होत नाही. हे बदल बायमॅटोप्रोस्टने सर्वाधिक व लॅटानोप्रोस्टने त्यामानाने कमी होतात. पापण्या घट्ट झाल्यास दाब मोजणेही अवघड जाते. म्हणून हा प्रश्न निव्वळ सौंदर्याचा समजू नये.

पापणीला खाज, लाली व खवले आल्यास ब्रिमोनिडिन, डॉर्झोलामाइड या काचबिंदूवरील इतर थेंबांची किंवा थेंब टिकवण्यासाठी घातलेल्या बेंझाल्कोनियम क्लोराइडची ॲलर्जी असू शकते. तो विकार वेगळा.

औषध बदलल्यावर घळ काही महिन्यांत बरीचशी भरून येते, त्वचेचा काळेपणाही ओसरतो. बुबुळाचा गडद झालेला रंग मात्र कायम राहतो. थेंब परस्पर बंद करणे धोक्याचे आहे, कारण काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही. पर्यायांपैकी टिमोलॉल दम्याच्या रुग्णांना चालत नाही. जपानमध्ये 2018 साली मान्य झालेले ओमिडेनेपॅग एफपीऐवजी ईपी2 या दुसऱ्या ग्राहींवर काम करते व त्याने घळ पडत नाही. परंतु मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत कृत्रिम भिंग बसवलेल्यांना ते देत नाहीत. अशांना लेझर उपचाराचा विचार करता येतो.