परदेशातले उपचार आणि मधला माणूस

१९३५ साली कमला नेहरू क्षयावरच्या उपचारांसाठी युरोपला गेल्या, तेव्हा सोबत मुलगी इंदिरा आणि डॉ. मदन अटल होते. जवाहरलाल तुरुंगात होते. तेव्हा युरोपातच असलेले सुभाषचंद्र बोस भेटायला येत. आधी जर्मनीतलं बाडेनवायलर, मग स्वित्झर्लंडमधलं लोझान. तिथेच २८ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचं निधन झालं. रुग्ण परदेशी नेण्याची व्यवस्था त्या काळी अशीच असे: ओळखीचा डॉक्टर, तिथे राहणारी आपली माणसं आणि पदरचा पैसा. त्याआधी १९३१ मध्ये मेहेरबाई टाटा ल्युकेमियाने वेल्समधल्या शुश्रूषागृहात वारल्या होत्या. असे उपचार आपल्याकडे व्हायला हवेत, हे दोराबजी टाटांनी तेव्हा मनावर घेतलं. पुढच्याच वर्षी तेही गेले. परळचं टाटा मेमोरिअल १९४१ मध्ये उघडलं. आज तिथे बाहेरदेशांतूनही रुग्ण येतात.

स्वातंत्र्यानंतर अडचण वेगळी झाली. पैसा असला तरी तो डॉलरमध्ये बदलून मिळेना. परकीय चलनावर आधीच निर्बंध होते, १९७३च्या ‘फेरा’ कायद्याने ते आणखी आवळले. बायपाससाठी ह्यूस्टन किंवा लंडन गाठायचं तर शिफारशी, परवानग्या आणि वर्तमानपत्रात मदतीचं आवाहन असा क्रम ठरलेला. १९८४ मध्ये तमिळनाडूचे मुख्यमंत्री एम. जी. रामचंद्रन यांना मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये नेलं, तेव्हा सरकारी यंत्रणा पाठीशी होती. सामान्य माणसासाठी मधला माणूस म्हणजे बँकेतला ओळखीचा अधिकारी, फार तर आमदार. १९७९ मध्ये चेन्नईतल्या डॉ. प्रताप रेड्डी यांचा एक तरुण रुग्ण अमेरिकेला जाण्याइतका पैसा उभा न राहिल्याने दगावला. त्यातून १९८३चं अपोलो उभं राहिलं, असं ते स्वतः सांगत आले आहेत.

आता चलनाची ती अडचण उरलेली नाही. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेत २००४ साली वर्षाला २५ हजार डॉलर बाहेर पाठवायची मुभा होती. २०१५ पासून ती अडीच लाख डॉलर आहे. उपचाराचा खर्च त्याहून जास्त असेल तर तिथल्या रुग्णालयाचं किंवा डॉक्टरचं अंदाजपत्रक जोडून पुढची रक्कम पाठवता येते. एक गोष्ट मात्र लोकांच्या ध्यानात येत नाही. ठरावीक मर्यादेपुढच्या रकमेवर बँक टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच घेतला जाणारा कर, वसूल करते. विवरणपत्र भरताना तो वळता होतो, पण पैसे पाठवायच्या दिवशी तेवढी जादा रक्कम खात्यात लागते. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी ते कळलं की धावपळ होते.

रुग्णांचा ओघ उलटा फिरला तो बँकॉकमधून. जुलै १९९७ मध्ये थायलंडचं चलन कोसळलं, स्थानिक श्रीमंतांचे खिसे रिकामे झाले आणि बुमरुंग्रादसारख्या मोठ्या खासगी रुग्णालयाला नव्या खाटा भरायला परदेशी गिऱ्हाईक शोधावं लागलं. २००१च्या सप्टेंबरनंतर अमेरिकेचा व्हिसा अवघड झाल्यावर आखातातले रुग्ण तिकडे वळले. बँकॉकने रुग्णालयाच्या आतच परदेशी रुग्णांसाठी वेगळा विभाग थाटला: अरबी दुभाषी, व्हिसाची मुदतवाढ, विमानतळावरून ने-आण, सगळं एका टेबलावर. भारतातल्या मोठ्या रुग्णालयांत आज दिसणारे ‘इंटरनॅशनल पेशंट’ कक्ष याच वळणाचे आहेत.

मुंबईला आखाती पाहुणे नवे नव्हते. सत्तरच्या दशकापासून पावसाळ्यात कुलाब्याची हॉटेलं अरब कुटुंबांनी भरत आणि त्यातली बरीच मंडळी डॉक्टरकडेही जाऊन येत. पण ती पर्यटक म्हणून यायची. २००३ मध्ये लाहोर-दिल्ली बसने आलेल्या एका लहान मुलीची बंगळुरूत हृदयशस्त्रक्रिया झाली आणि हा विषय घरोघर पोचला. २००५ मध्ये भारताने वैद्यकीय व्हिसा हा स्वतंत्र प्रकार सुरू केला. सोबतच्या दोन माणसांना त्याच्याशी जोडलेला परिचारक व्हिसा मिळतो. २०१७ पासून अनेक देशांच्या नागरिकांना ई-मेडिकल व्हिसाही मिळतो. त्याची मुदत आल्यापासून साठ दिवस, तीनदा प्रवेश. केमोथेरपीच्या सहा फेऱ्या तीन आठवड्यांच्या अंतराने धरल्या तर पहिलीपासून सहावीपर्यंतच १०५ दिवस होतात. म्हणजे हा व्हिसा मुदतवाढीशिवाय पुरत नाही, हे अर्ज करतानाच दिसायला हवं.

व्हिसा रुग्णालयाच्या पत्रावर अवलंबून झाला आणि मधल्या माणसाचं बळ वाढलं. पत्र मिळवून देणारा एजंट ही नवी जमात तयार झाली. यातला एक विरोधाभास नीट समजून घ्यावा. वैद्यकीय परिषदेच्या २००२च्या आचारसंहितेनुसार रुग्ण पाठवल्याबद्दल डॉक्टरला कमिशन घेता येत नाही, देताही येत नाही. ती संहिता डॉक्टरांना लागू आहे, एजंटाला नाही. त्यामुळे रुग्णाकडून ‘एक पैसाही न घेणारा’ मदतनीस आपला वाटा रुग्णालयाच्या बिलातून घेतो आणि जिथे वाटा मोठा तिथे रुग्ण नेतो. रुग्णालयांचा दर्जा तपासून मान्यता देणाऱ्या एनएबीएच या संस्थेने अशा मध्यस्थांची नोंदणी सुरू केली आहे, पण नोंदणी नसलेले पुष्कळ आहेत. ‘तुम्हाला पैसे कोण देतं?’ हा प्रश्न पहिल्याच फोनवर विचारावा. विचारायला संकोच वाटतो, हे खरं.

चांगला समन्वयक ओळखू येतो तो कागद मागण्याच्या पद्धतीवरून. तो एमआरआयचा मोबाइलवर काढलेला फोटो घेत नाही, मूळ डायकॉम फाइल, म्हणजे यंत्रातून निघालेली पूर्ण डिजिटल प्रतिमा, मागतो. फोटोवरून गाठीचं मापही नीट घेता येत नाही. कॅन्सर असेल तर नुसता बायोप्सीचा अहवाल त्याला पुरत नाही. पॅराफिनचे ब्लॉक (मेणात जपलेला बायोप्सीचा तुकडा) आणि स्लाइड सोबत आणायला सांगतो, कारण नवं रुग्णालय त्या स्वतः तपासल्याशिवाय केमो सुरू करत नाही. ब्लॉक मागे राहिला तर पुन्हा बायोप्सी, म्हणजे आठवडा गेला आणि हॉटेलचं भाडं वाढलं. औषधांची यादी तो मूळ घटकाच्या नावाने आणि मिलिग्रॅमसकट करून घेतो. ब्रँडची नावं सीमा ओलांडली की निरर्थक होतात. आणि तो नावाचं स्पेलिंग जुळवून पाहतो. अरबी नावं रोमन लिपीत चार तऱ्हांनी लिहिली जातात. पासपोर्टवर एक आणि रुग्णालयाच्या पत्रावर दुसरं असलं की व्हिसाचा अर्ज अडकतो.

अंदाजपत्रकावरून सगळ्यात जास्त भांडणं होतात. पॅकेज हे अहवाल पाहून, रुग्णाला न पाहता दिलेलं असतं. त्यात अतिदक्षता विभागातले दिवस मोजून धरलेले असतात. त्यापुढचा प्रत्येक दिवस, जास्तीचं रक्त आणि ऐनवेळी बदललेलं इम्प्लांट हे बहुधा बाहेर. ‘काय धरलेलं नाही’ याची लेखी यादी मागितली की आकडा एकदम खरा वाटू लागतो.

प्रत्यारोपणात तर कागदच निर्णायक. १९९४चा अवयव प्रत्यारोपण कायदा अवयवांच्या विक्रीला आळा घालण्यासाठी आला. त्याखालच्या २०१४च्या नियमांनुसार दाता किंवा रुग्ण परदेशी असेल तर दोघांमधलं नातं त्यांच्या दूतावासातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याने नमुना २१ मध्ये प्रमाणित करावं लागतं आणि प्रकरण प्राधिकार समितीपुढे जातं. जवळचं नातं नसेल तर परदेशी रुग्णाला भारतीय दाता चालत नाही. ‘दाता आम्ही बघतो’ म्हणणाऱ्या एजंटाचं बोलणं तिथेच थांबवावं. समितीपुढे दाता आणि रुग्ण यांची वेगवेगळी विचारपूस होते, तेव्हा दुभाषी एजंटाचा माणूस नसावा. हीच काळजी संमतिपत्राच्या वेळी घ्यावी. आजाराचं नाव रुग्णापासून लपवा, असं घरचे दुभाष्याला परस्पर सांगतात आणि डॉक्टरला वाटतं, रुग्णाला सगळं कळलंय.

फेब्रुवारी २०१७ मध्ये अलेक्झांड्रियाहून एक अतिस्थूल महिला मालवाहू विमानाने मुंबईत आणली गेली. आधी नाकारलेला व्हिसा डॉक्टरांनी तत्कालीन परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांना ट्विट केल्यावर मिळाला. खास पलंग आणि ट्रक, सगळं जमून आलं. आणायची आखणी इतकी काटेकोर क्वचित होते. वाद झाला तो पुढे: वजन कमी झालं म्हणजे उपचार संपले का, पुढचं पुनर्वसन कुठे आणि कुणी करायचं, यावर नातेवाईक आणि डॉक्टर यांचं एकमत होईना. मे महिन्यात तिला अबू धाबीला हलवलं, सप्टेंबरात ती तिथे वारली.

परतीचा भाग असाच दुर्लक्षित राहतो. तिकीट आधी काढलेलं असतं आणि शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते. बायपास किंवा छातीच्या शस्त्रक्रियेनंतर साधारण दहा दिवस विमानप्रवास टाळायला सांगतात, दुर्बिणीतून केलेल्या छोट्या शस्त्रक्रियेनंतर एक-दोन दिवस पुरतात. नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या, ऑक्सिजन लागणाऱ्या किंवा स्ट्रेचरवरच्या रुग्णासाठी विमान कंपनीचा मेडिफ अर्ज डॉक्टरांकडून भरून काही दिवस आधी द्यावा लागतो. विमानतळावर आयत्या वेळी दाखवलेल्या पत्रावर बसू देतीलच असं नाही.

घरी पोचल्यावर पुढे कोण बघणार, हा प्रश्न २००८ नंतर युरोपनेही गंभीरपणे घेतला. दिल्लीत उपचार घेऊन आलेल्या स्वीडनमधल्या एका रुग्णात बहुतेक प्रतिजैविकांना दाद न देणारा जंतू सापडला. त्यातल्या एन्झाइमला ‘न्यू दिल्ली’चं नाव मिळालं, त्यावर २०१० मध्ये भारतात मोठा गदारोळ झाला. नावाचा वाद बाजूला ठेवला तरी, परदेशात दाखल होऊन आलेल्या रुग्णाला वेगळं ठेवून स्वॅब घेणं हे युरोपातल्या पुष्कळ रुग्णालयांत नेहमीचं झालं. म्हणून डिस्चार्ज कार्डासोबत कल्चरचे (जंतुतपासणीचे) अहवाल, दिलेली प्रतिजैविकं तारखांसह आणि इम्प्लांटचा स्टिकर मागून घ्यावा. प्रत्यारोपण झालेल्याने निघण्यापूर्वीच आपल्या गावाजवळची, रक्तातलं टॅक्रोलिमसचं (शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून घ्यायच्या औषधाचं) प्रमाण तपासणारी प्रयोगशाळा शोधून ठेवावी. सुरुवातीच्या महिन्यांत ही तपासणी वारंवार लागते आणि अहवाल वाचून गोळीची मात्रा कोण बदलणार, त्या डॉक्टरचं नाव डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्यावं.