एचेबेरी म्हणजे नवे घर

३ डिसेंबरला जुन्या गोव्यात गोंयच्या सायबाचे फेस्त असते. सावंतवाडी-बेळगावकडून पायी आलेले लोक, नऊ दिवसांच्या नोव्हेना, मेणबत्त्या, फेरीचे खाजे हे सगळे आपल्याला माहीत आहे. त्याच दिवशी स्पेन आणि फ्रान्सच्या सीमेवरच्या बास्क मुलखात तिथल्या बास्क भाषेचा, म्हणजे एउस्काराचा, दिवस साजरा होतो. १९४९पासून. तारीख तीच, कारण माणूस तोच. गोंयचा सायब म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रचारक फ्रान्सिस झेवियर. तो १५५२ साली याच तारखेला चीनजवळच्या एका बेटावर वारला, आणि तो बास्क होता.

‘झेवियर’ हे नावच मुळात बास्क. ‘एचे’ म्हणजे घर, ‘बेरी’ म्हणजे नवे. ‘एचेबेरी’चे झिजत झिजत हाविएर झाले आणि आपल्याकडे झेवियर. नव्हारमधल्या त्याच नावाच्या गढीत १५०६ साली त्याचा जन्म झाला. तो सहा वर्षांचा असताना शेजारच्या कॅस्टिल राज्याने नव्हारचे राज्य घेतले, दहा वर्षांचा असताना घराचे बुरूज पाडले गेले. थोरले भाऊ त्या राज्यासाठी लढले. राज्य काही परत आले नाही.

जानेवारी १५४४मध्ये कोचीनहून रोममधल्या सहकाऱ्यांना लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की किनाऱ्यावरच्या कोळ्यांची भाषा मलबारी आणि आपली बिस्कायी, त्यामुळे त्यांचे आपल्याला कळत नाही आणि आपले त्यांना. बिस्कायी म्हणजे तेव्हाच्या बोलण्यात बास्क. पॅरिसमध्ये शिकलेला, पत्रे स्पॅनिश आणि पोर्तुगीजमध्ये लिहिणारा हा माणूस ‘माझी भाषा’ म्हणताना एउस्काराचे नाव घेतो, हे मला फार मोलाचे वाटते. बास्कमधले पहिले छापील पुस्तक त्यानंतर वर्षभराने, १५४५मध्ये बोर्दोला निघाले. बेर्नात एचेपारे या पाद्र्याच्या कवितांचे. त्याचेही आडनाव ‘एचे’नेच सुरू होते.

एउस्काराला जगात कोणी सख्खे नाही. युरोपातल्या कुठल्याच भाषेशी तिचे नाते सिद्ध झालेले नाही. पण मराठी माणसाला तिच्यातली एक गोष्ट लगेच ओळखीची वाटेल. आपण ‘रामाने आंबा खाल्ला’ म्हणताना रामाला जसा ‘ने’ लावतो, तसा प्रत्यय बास्क माणूसही कर्त्याला लावतो, आणि तो भूतकाळापुरता नाही, सगळ्या काळांत. बास्क माणूस स्वतःला ‘एउस्काल्दुन’ म्हणतो. अर्थ सरळ आहे: ज्याच्याजवळ एउस्कारा आहे तो. आपल्या ‘धनवान’सारखी घडण. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस साबिनो अरानाने बास्क राष्ट्रवाद उभा केला तेव्हा त्याचा भर वंशावर आणि आडनावांवर होता. पुढच्या पिढ्या रक्त सोडून पुन्हा भाषेकडे वळल्या. माझ्या मते त्यांनी योग्यच केले.

गोव्याच्या माणसाला इथे एक गोष्ट टोचते, आणि ती टोचायलाच हवी. इथे इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह्यांना शिक्षा करणारे चर्चचे न्यायालय, बसवावे, असे १५४६ साली पोर्तुगालच्या राजाला झेवियरनेच लिहिले होते. ते १५६०मध्ये सुरू झाले. १६८४ साली व्हाइसरॉयने लोकांनी तीन वर्षांत कोकणी सोडावी असे फर्मान काढले. एका मुलखात ज्याची तारीख भाषेच्या दिवसाला लाभली, त्याचे नाव दुसऱ्या मुलखाच्या भाषेच्या या दुःखाशीही जोडलेले आहे.

बास्क भाषेनेही तेच सोसले. शाळेत एउस्कारा बोलताना पोर सापडले की त्याच्या हातात एक अंगठी दिली जाई. त्याने दुसऱ्या कुणाला बोलताना पकडायचे आणि ती त्याच्याकडे सरकवायची. आठवड्याच्या शेवटी जिच्याकडे किंवा ज्याच्याकडे अंगठी, त्याला शिक्षा. भाषेपायी पोरांनाच एकमेकांवर पाळत ठेवायला लावायचे! १८७६मध्ये जुने स्थानिक हक्क, ज्यांची शपथ गेर्निका गावातल्या ओक वृक्षाखाली घेतली जाई, रद्द झाले. २६ एप्रिल १९३७ला, बाजाराच्या दिवशी, जर्मन आणि इटालियन विमानांनी गेर्निका जाळले. स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या राज्यात मुलाचे नाव बास्क ठेवायलाही बंदी आली. १९६८मध्ये आरान्साझू या ठिकाणी एउस्काराची प्रमाणभाषा ठरवण्याचे काम सुरू झाले, १९७९मध्ये स्वायत्तता मिळाली. २०१६च्या पाहणीत १६ वर्षांवरचे सुमारे साडेसात लाख लोक एउस्कारा बोलत होते. फ्रान्सच्या बाजूला मात्र तिला आजही राजभाषेचा दर्जा नाही.

बरेच बास्क लोक परदेशी गेले. त्यामागे युद्ध होते तसे घरही होते. बऱ्याच भागांत शेतघर न वाटता एकाच वारसाला देण्याची रीत होती. बाकीच्या भावंडांनी बाहेरची वाट धरायची. एकोणिसाव्या शतकात ती वाट बहुधा अर्जेंटिना-उरुग्वेची असे, नंतर अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या मेंढरांच्या कळपांची. तिथे इंग्रजी न येणाऱ्या एकट्या मेंढपाळाला गावात आधार म्हणजे बास्क खाणावळ: झोपायला खाट, लांब टेबलावर सगळ्यांबरोबर जेवण, आणि एउस्कारात बोलणारी मालकीण. आयडाहोतल्या बॉइझी शहरात विटांचे असे एक जुने घर जपून ठेवले आहे. परदेशातल्या बास्क मंडळांना आजही ‘एउस्काल एचे’, बास्क घर, म्हणतात.

उन्हाळ्यात हे मेंढपाळ महिनोन्‌महिने डोंगरात एकटे असत. अ‍ॅस्पेन नावाच्या झाडांच्या पांढऱ्या सालीवर ते सुरीच्या टोकाने बारीक रेघ ओढत. तेव्हा ती दिसायचीही नाही. काही वर्षांनी जखम भरताना साल फुगून काळी पडे आणि अक्षरे वर येत: नाव, साल, कधी मागे राहिलेल्या गावाचे नाव. ही झाडे फार जगत नाहीत. ती पडायच्या आत अभ्यासक त्यांचे फोटो काढताहेत आणि सालीवर कापड ताणून अक्षरांचे ठसे घेताहेत.